शरणपूरचा जेकब

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये १८ एप्रिल १८७४ रोजी आफ्रिकेचा जगप्रसिद्ध प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन याचा दफनविधी झाला. शवपेटीसोबत मानकरी म्हणून चालण्याचा बहुमान ज्यांना मिळाला, त्यांत लिव्हिंगस्टनला आफ्रिकेत शोधून काढणारा पत्रकार हेन्री मॉर्टन स्टॅन्ली होता, झांजिबारचा ब्रिटिश वकील डॉ. जॉन कर्क होता, रेव्हरंड होरेस वॉलर होता. या प्रतिष्ठितांच्या मेळ्यात एक आफ्रिकी तरुणही होता. लिव्हिंगस्टनच्या मृतदेहाबरोबर तो आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रापर्यंत आणि तेथून बोटीने इंग्लंडपर्यंत आला होता. त्याचे नाव जेकब वेनराइट. वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे आणि वर्णने छापली, त्याला ‘नासिक बॉय’ म्हटले. कारण या तरुणाचे शिक्षण झाले होते गोदाकाठच्या नाशिकमध्ये, शरणपूरच्या शाळेत.

शरणपूर रोड म्हटले की आज नाशिककरांच्या डोळ्यांसमोर दवाखाने, दुकाने आणि वाहनांची गर्दी उभी राहते. ज्या वस्तीवरून या रस्त्याला नाव पडले, तिथे एकेकाळी आफ्रिकेतील मुले-मुली वाढत होती, हे मात्र फारच थोड्यांच्या गावी असते. मंदिरांच्या, घाटांच्या आणि कुंभमेळ्याच्या नाशिकच्या इतिहासात या मुलांना जागा मिळालेली नाही. आफ्रिकेच्या इतिहासात मात्र नाशिकचे नाव त्यांच्यामुळेच कायमचे कोरले गेले आहे.

जेकबचा जन्म न्यासा सरोवराच्या, म्हणजे आजच्या मलावी सरोवराच्या परिसरातील याओ समाजात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा सारा प्रदेश गुलामांच्या व्यापाराने पोखरून निघाला होता. गावांवर छापे पडत, माणसे पकडली जात, त्यांच्या मानेत लाकडी बेडी घालून तांडे किनाऱ्याकडे हाकले जात. किल्वा बंदरातून गुलामांनी भरलेली गलबते झांजिबारला जात. काही गुलाम तेथील लवंगांच्या बागांत राबत. काहींची रवानगी अरबस्तानाकडे आणि इराणच्या आखाताकडे होई. झांजिबारच्या सुलतानाशी झालेल्या करारानुसार त्याच्या मुलखातील गुलामांची ने-आण चालू राहिली होती, मात्र मुलखाबाहेरची निर्यात बेकायदा ठरली होती. त्यामुळे ब्रिटिश युद्धनौका खुल्या समुद्रात गलबते अडवीत आणि त्यांतील गुलामांना मुक्त करीत. लहानपणीच विकला गेलेला जेकब अशाच एका कारवाईत सुटला.

सुटका झाली, पण पुढे काय? या लेकरांना त्यांच्या गावी परत पोहोचविणे कोणालाच शक्य नव्हते. गावच जळून गेलेले असे, आणि किनाऱ्यावर सोडले तर दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा पकडली जाण्याची धास्ती. म्हणून युद्धनौका त्यांना एडनला, सेशेल्सला किंवा मुंबईला आणून उतरवीत. मुंबईत काहींना घरकामासाठी कुटुंबांत ठेवले जाई, काही मिशनऱ्यांच्या हाती सोपविली जात. घरकामासाठी दिलेल्या मुलाची स्थिती गुलामीपेक्षा कितपत वेगळी असेल, याची कल्पना केलेली बरी.

महाराष्ट्राला आफ्रिकी माणूस काही नवा नव्हता. निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम होता आणि जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर शिवकालापासून कोकणच्या इतिहासात आपले स्थान राखले होते. पण ही माणसे तलवारीच्या बळावर मोठी झाली. १८६०च्या दशकात नाशिकला आलेल्या आफ्रिकी मुलांच्या हाती पाटी आणि रंधा देण्यात आला.

नाशिक शहराच्या पश्चिमेला चर्च मिशनरी सोसायटीचा पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस याने १८५५च्या सुमारास शरणपूर ही वस्ती वसविली. धर्मांतर केलेल्या माणसाला घर आणि जात दोन्ही पारखी होत, धंदा बुडे. अशांना आसरा आणि काम मिळावे हा त्यामागचा हेतू. शरण आलेल्यांचे पूर, असा नावाचा सरळ अर्थ. याच वस्तीत १८६०च्या सुमारास आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. इथिओपियात पूर्वी काम केलेला आणि तेथील अम्हारिक भाषेचा कोश व व्याकरण रचणारा जर्मन मिशनरी कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग मुंबईत अशा मुलांचा सांभाळ करीत होता. त्याचे आणि प्राइसचे प्रयत्न येथे एकत्र आले. मुलांच्या पोषणासाठी सरकारकडूनही मदत मिळत असे. आफ्रिकेतून सुटलेल्या मुलाच्या आयुष्यात आता सह्याद्रीचा घाट येई, आणि घाटमाथ्यावरचे कोरडे वारे, ज्वारी-बाजरीची शेते आणि मराठी बोलणारी माणसे. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-नाशिक प्रवास सोपा झाला. त्याआधीच्या मुलांनी घाट रस्त्यानेच चढला.

येथील शिक्षणाला दोन अंगे होती. एक वाचन, लेखन, गणित आणि बायबल. दुसरे हाताचे काम. मुलांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकविले जाई, मुलींना शिवणकाम आणि घरकाम. त्या काळात नाशिकच्या सर्वसामान्य कुणब्याच्या वा माळ्याच्या मुलाला जे शिक्षण स्वप्नातही मिळत नव्हते, ते या पोरक्या मुलांना मिळाले, ही वस्तुस्थिती आहे. मुलींच्या बाबतीत तर ती अधिकच ठळक दिसते. पुढे देशातील पहिली महिला वकील म्हणून गाजलेली कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकलाच जन्मली. तिचे वडील सोराबजी खरसेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले आणि याच मिशनरी संस्थेत काम करणारे. म्हणजे हे छोटेसे आवार त्या काळी किती निरनिराळ्या प्रवाहांचे संगमस्थान होते, हे ध्यानात येते.

मात्र या शिक्षणाची किंमतही होती आणि ती मुलांनी मोजली. प्रथम गेले ते नाव. आश्रमात आलेल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला की त्याला नवे नाव आणि आडनाव मिळे, तेही बहुधा मिशनऱ्यांशी वा मिशनच्या वर्तुळाशी जोडलेले. त्यामुळे नाशिकच्या आफ्रिकी तरुणांत एक सायमन प्राइस होता, एक रिचर्ड आयझेनबर्ग होता, एक जेम्स रटन होता. वेनराइट या इंग्रजी आडनावाचा मूळ अर्थ गाडे घडविणारा सुतार. ज्याने आपल्या जन्मगावी चाकाची गाडी पाहिलीही नसेल, त्या मुलाच्या वाट्याला हे आडनाव आले. त्यानंतर गेली ती भाषा. निरनिराळ्या जमातींची मुले एकत्र राहत, अभ्यास इंग्रजीत, आसपास हिंदुस्थानी आणि मराठी. चार-सहा वर्षांत मातृभाषा जिभेवरून उतरू लागे. पुढे पूर्व आफ्रिकेत परतलेल्या या मंडळींना तेथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ असे नाव पडले, आणि स्थानिक लोकांत मिसळताना त्यांना स्वाहिली नव्याने शिकावी लागली. आई-बापांविना, गावाविना, भाषेविना वाढलेल्या या मुलांना मुक्त म्हणायचे की दुसऱ्या एका व्यवस्थेच्या स्वाधीन झालेली म्हणायचे, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही. मुलांना तो पडला असणार.

नाशिकच्या शाळेचा उपयोग आफ्रिकेत होऊ शकतो, हे मिशनऱ्यांच्या लवकरच लक्षात आले. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे तरुण आपापल्या पत्नींसह मोंबासाजवळच्या रबाई येथील मिशनवर गेले. त्यांच्यापैकी जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेतील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या दोन नावांना मानाचे स्थान आहे.

लिव्हिंगस्टनचा आणि नाशिकचा संबंध आला तो १८६५ मध्ये. नाईलच्या उगमाच्या शोधासाठी शेवटच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी तो मुंबईत होता. लेडी न्यासा ही स्वतःची आगबोट त्याने येथेच विकली आणि शरणपूरच्या आश्रमातील नऊ तरुण मोहिमेसाठी निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांजिबारला निघाली. पुढचा अनुभव काही गोड नव्हता. नाशिकची मुले आळशी आहेत, चालायला कुरकुरतात, अशा तक्रारी लिव्हिंगस्टनने आपल्या रोजनिशीत वारंवार केल्या आहेत. वर्षानुवर्षे जंगलात वणवण करण्याचे प्रशिक्षण सुतारशाळेत मिळत नसते, हे लक्षात घेतले तर त्यात मुलांचा दोष किती, हा प्रश्नच आहे. नवांपैकी कोणी आजाराने गेला, कोणी बाणाने मारला गेला, काही सोडून गेले. शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिले ते दोघे, एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी या नावाने ओळखला जाणारा नथॅनिएल कुम्बा.

जेकब या पहिल्या तुकडीत नव्हता. त्याची पाळी आली १८७२ मध्ये. लिव्हिंगस्टनची कित्येक वर्षे वार्ता नव्हती म्हणून रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने लेफ्टनंट डॉसनच्या नेतृत्वाखाली शोधपथक पाठविले. त्यासाठी नाशिकच्या शाळेतील सहा तरुण घेण्यात आले: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. पण पथक निघण्यापूर्वीच लिव्हिंगस्टनला भेटून परतलेला स्टॅन्ली किनाऱ्यावर येऊन थडकला. सापडलेल्या माणसाचा शोध काय घ्यायचा? पथक मोडले. लिव्हिंगस्टनला हवी होती ती माणसे आणि सामान. स्टॅन्लीने ५७ जणांचा तांडा उभा केला आणि त्यात नाशिकच्या या सहा जणांनाही घेतले. ऑगस्ट १८७२ मध्ये तांडा उन्यान्येंबे येथे, आजच्या टांझानियातील टाबोराजवळ, लिव्हिंगस्टनला जाऊन मिळाला.

त्यानंतरचे आठ महिने म्हणजे एका खंगत चाललेल्या म्हाताऱ्याचा हट्ट आणि त्याच्यासोबतच्या माणसांची चिकाटी यांची कहाणी आहे. टांगानिका सरोवराच्या दक्षिणेकडून बांग्वेउलूच्या दलदलीत शिरताना पावसाळा सुरू झाला. गुडघ्या-कमरेएवढ्या पाण्यातून दिवसच्या दिवस चालायचे, जळवा, ताप, अन्नाची वानवा. लिव्हिंगस्टनला रक्तस्राव होत होता. अखेरीस त्याला डोलीत घालून न्यावे लागले. आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, १ मे १८७३च्या पहाटे, बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत तो मृतावस्थेत आढळला.

त्या पहाटे तांड्यात एकही गोरा माणूस नव्हता. काय करायचे ते या साठ-सत्तर आफ्रिकी माणसांनी ठरवायचे होते. मृतदेह तिथेच पुरून आपापल्या वाटेने निघून जाणे सर्वांत सोपे होते आणि सुरक्षितही. मृतदेह घेऊन फिरणाऱ्या तांड्याला त्या मुलखात कोणी थारा दिला नसता. करणीचा आळ येऊन जीव गेला असता. तरीही देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत न्यायचाच, असा निर्णय झाला. नेतृत्व आले ते सुसी आणि चुमा या लिव्हिंगस्टनच्या सर्वांत जुन्या सोबत्यांकडे. चुमाही बालपणी गुलामांच्या तांड्यातून सुटलेला याओ मुलगा, आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सनच्या शाळेत काही काळ शिकलेला.

जेकबची गरज लागली ती नेमकी इथे. सुसी आणि चुमा माणसे हाताळण्यात वाकबगार होते, पण लेखणीचे काम जेकबचे. मृताच्या पेटाऱ्यांतील प्रत्येक वस्तूची यादी त्याने लिव्हिंगस्टनच्याच वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून काढली. उद्या कोणी चोरीचा आळ घेतला तर हाती लेखी पुरावा असावा, ही त्यामागची दूरदृष्टी. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसांच्या तांड्याने केलेला हा पंचनामा मोठा विलक्षण दस्तऐवज आहे. नंतर हृदय आणि आतडी काढून एका पत्र्याच्या डब्यात ठेवण्यात आली. हे अवघड काम फरजल्ला नावाच्या माणसाने आणि नाशिकच्याच कॅरस फरारने केले. डबा एका मोठ्या म्वुला वृक्षाखाली पुरण्यात आला आणि जेकबने प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधीचा पाठ वाचला.

त्या झाडाच्या खोडावर जेकबने लिव्हिंगस्टनचे नाव, तारीख आणि तांड्यातील प्रमुखांची नावे कोरली. स्वतःचे नाव त्याने कोरले नाही. शरणपूरला शिकवलेली अक्षरे आणि लाकडाची ओळख या दोन्ही गोष्टी त्या खोडावर एकत्र आल्या, असे म्हणता येईल. कोरलेली तारीख मात्र ४ मे अशी आहे. त्यामुळे मृत्यूच्या तारखेबद्दल पुढे पुष्कळ चर्चा झाली. जेकबची रोजनिशीही ४ मेपासूनच सुरू होते.

मिठाचा वापर करून देह चौदा दिवस उन्हात सुकविण्यात आला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळण्यात आला, वरून शिडाचे कापड शिवले गेले. मग हजार मैलांहून अधिक लांबीची ती वाटचाल सुरू झाली. आजारपणाने माणसे पटापट पडू लागली. वाटेत एका गावाशी चकमक उडाली. दहाच्या आसपास माणसे या वाटेवर मेली. त्यांच्या कबरींवर ना नाव, ना तारीख.

वाटेतच बातमी कळली की, झांजिबारहून एक गोरे पथक येत असून त्यात लिव्हिंगस्टनचा मुलगा आहे. त्याला कळवायला हवे. जेकबने इंग्रजीत पत्र लिहिले आणि ते घेऊन चुमा पुढे धावला. २० ऑक्टोबर १८७३ रोजी उन्यान्येंबे येथे हे पत्र ज्याच्या हाती पडले, तो लिव्हिंगस्टनचा मुलगा नसून लेफ्टनंट व्हर्नी कॅमेरॉन होता. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूची बातमी बाहेरच्या जगाला कळली ती अशी, नाशिकला गिरवलेल्या अक्षरांतून. त्या पत्राचे इंग्रजी थोडे ओबडधोबड आहे, पण मजकूर नेमका आहे: काय घडले, आम्ही कोठे आहोत, आमच्याजवळ काय उरले आहे आणि आम्हाला काय हवे आहे.

कॅमेरॉनने सल्ला दिला की, देह इथेच पुरावा. पुढचा रस्ता धोक्याचा आहे. तांड्याने सल्ला मानला नाही. कॅमेरॉनने लिव्हिंगस्टनची काही उपकरणे मात्र स्वतःच्या मोहिमेसाठी ठेवून घेतली. इतक्या कष्टाने जपलेल्या वस्तूंपैकी काही अशा गोऱ्या अधिकाऱ्याच्याच हाती गेल्या, हा त्या यादीचा उपरोध. पुढे एका ठिकाणी गावकऱ्यांनी मृतदेहाला वाट देण्याचे नाकारले. तेव्हा तांड्याने देह परत पाठवीत असल्याचा देखावा केला, वाळक्या काटक्यांचे खोटे गाठोडे बनवून काही माणसे मागे धाडली आणि खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढे काढला. फेब्रुवारी १८७४ मध्ये सर्व जण बागामोयोला समुद्रकाठी पोहोचले. चितांबोचे गाव सोडल्याला नऊ महिने होत आले होते.

तेथे त्यांना पगार देऊन निरोप देण्यात आला. अभिनंदनाचा समारंभ झाला नाही. सुसी आणि चुमा यांनाही देहाबरोबर पाठविण्याचे सरकारी प्रतिनिधीच्या मनात आले नाही. जेकब मात्र गेला, कारण त्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने उचलला. तो इंग्रजी बोलणारा, संस्थेच्या शाळेत शिकलेला; संस्थेच्या कार्याचे जिवंत उदाहरण म्हणून त्याला इंग्लंडमध्ये दाखविता येणार होते. एडनहून मालवा बोटीने शवपेटी साऊदॅम्प्टनला पोहोचली. लंडनमध्ये डाव्या दंडाच्या हाडावरील सिंहाच्या चाव्याच्या जुन्या खुणेवरून देहाची ओळख पटविण्यात आली.

दफनानंतरचे काही महिने जेकब इंग्लंडमध्ये होता. मिशनच्या सभांतून तो बोलला. श्रोते त्याला बघायला गर्दी करीत, मिशनला देणग्या मिळत. सुसी आणि चुमा इंग्लंडला आले ते दफन होऊन गेल्यावर, लिव्हिंगस्टनचा स्नेही उद्योगपती जेम्स यंग याने स्वतःच्या पैशाने आणले तेव्हा. रेव्हरंड वॉलरने लिव्हिंगस्टनच्या अखेरच्या रोजनिशीचे संपादन केले, त्यात शेवटचा भाग या दोघांच्या तोंडी हकिकतीवर आधारलेला आहे. जेकबची लेखी रोजनिशी उपलब्ध असतानाही इंग्रजी वाचकांपुढे ती आली नाही. ती १८७४ मध्येच छापली गेली खरी, पण जर्मन भाषांतरात, एका भूगोलविषयक नियतकालिकात. सुसी-चुमांच्या निष्ठेची गोष्ट इंग्रज वाचकाला भावली. शिकलेला आफ्रिकी तरुण स्वतः लेखणी धरून जे सांगतो, ते ऐकण्याची तयारी कमी होती, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

इकडे नाशिकच्या आश्रमाचे दिवस भरत आले होते. मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर १८७३ मध्ये झांजिबारला गेला. त्याच वर्षी ५ जून रोजी सुलतान बर्घशने करारावर सही केली आणि समुद्रमार्गे चालणाऱ्या गुलामांच्या व्यापारावर बंदी येऊन झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. मुक्त झालेल्यांना नाशिकपर्यंत आणण्याऐवजी आफ्रिकेतच वसवावे, असे फ्रेअरचे मत पडले. शरणपूर वसविणाऱ्या प्राइसलाच मोंबासाला पाठविण्यात आले आणि १८७५ मध्ये तेथे फ्रेअरटाऊन ही वसाहत उभी राहिली. नाशिकच्या आश्रमातील आफ्रिकी मंडळी तिकडे गेली. सुतार, लोहार, शिक्षक, त्यांच्या बायका. शरणपूरचा आराखडा जणू समुद्रापलीकडे नेऊन पुन्हा मांडला गेला. केनियातील पहिल्या पिढीचे शिक्षक या लोकांतून निघाले.

जेकबही प्राइसच्या मंडळींबरोबर आफ्रिकेला परतला. पण वेस्टमिन्स्टर ॲबेत मानाने चाललेल्या तरुणाला मिशनच्या शाळेतील दुय्यम जागेवर, गोऱ्या वरिष्ठांच्या शब्दाखाली राहणे मानवले नाही. इंग्लंडमधील कौतुकाने तो बिघडला, असा शेरा मिशनरी वर्तुळात मारला गेला. कौतुक करणारेही तेच होते आणि शेरा मारणारेही तेच. फ्रेअरटाऊन सोडून जेकब निरनिराळ्या ठिकाणी गेला. बुगांडात मुतेसा राजाच्या दरबाराशीही त्याचा काही काळ संबंध आला. शेवटी तो उरांबो येथे, लंडन मिशनरी सोसायटीच्या ठाण्यावर येऊन राहिला. हे ठिकाण उन्यान्येंबेपासून फार दूर नाही. ज्या वाटेवर तरुणपणी त्याने लिव्हिंगस्टनचा देह नेला होता, त्याच मुलखात १८९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तांड्यातील माणसांसाठी नावे कोरलेली पदके पाडली होती. ती झांजिबारला पोहोचेपर्यंत माणसे पांगली होती. अनेकांना आपल्या नावाचे पदक पाहायलाही मिळाले नाही. चितांबोच्या गावचे ते झाड किडीने पोखरले म्हणून १८९९ मध्ये तोडण्यात आले आणि अक्षरे असलेला खोडाचा भाग लंडनला सोसायटीकडे नेण्यात आला. नाशिकच्या सहा जणांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत दीर्घायुषी ठरला. तो मोंबासाला १९३५ पर्यंत जगला आणि म्हातारपणी लिव्हिंगस्टनच्या आठवणी ऐकायला लोक त्याच्याकडे येत.

जेकबची मूळ इंग्रजी रोजनिशी मात्र स्कॉटलंडमध्ये पडून होती. २०१९ मध्ये लिव्हिंगस्टनच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी तिची पाने छायाचित्रांसह इंटरनेटवर प्रसिद्ध केली. नाशिकच्या शाळेत घटवलेले ते हस्ताक्षर आता कोणालाही पाहता येते.